मधुमेही बोका, चार दिवस पोट साफ नाही: घरी काय करता येईल?

खाडीपल्याड
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमचा बाबल्या, वय ११ वर्षं, नसबंदी केलेला बोका. आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठी राहतो. फेब्रुवारीत त्याला मधुमेह असल्याचं कळलं. कळलं ते सासूबाईंमुळे. हा तुळशीवृंदावनाच्या तळातलं पाणी तासन् तास पीत बसायचा आणि पडवीच्या कोब्यावर चुकून शू झाली तर तिथे मुंग्यांची रांग लागायची. सासूबाई म्हणाल्या, "गो, ह्याच्या मुतात साखर आहे, माझ्या वडिलांचं असंच होतं." तपासलं तर शुगर ४१२.

तेव्हापासून ग्लार्जिन इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ २-२ युनिट. घरी कानाला टोचून मोजते. आकडा साधारण २५० ते ३५० मध्ये असतो, त्याखाली फारसा येत नाही. वजन ६.२ होतं, आता ४.८ किलो.

पण आत्ताचा प्रश्न वेगळा आहे. महिनाभर त्याची शी नीट होत नाहीये. आधी एक दिवसाआड व्हायची, मग दोन दिवसांनी, आणि आज चौथा दिवस. काल संध्याकाळी घमेल्यात बसून कुथत होता, शेवटी शेळीच्या लेंडीसारखे दोन कोरडे खडे पडले. खाणं निम्म्यावर आलंय. सकाळी उकडलेला बांगडा आणि भात, संध्याकाळी कोरडं खाणं, असं वर्षानुवर्षं चाललंय.

तालुक्याच्या डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज, म्हणजे पोट साफ करायचं सिरप, सांगितलंय. बाटलीवर मधुमेहींनी जपून घ्यावं असं लिहिलंय म्हणून माझा हात थांबला. त्याचे नेहमीचे डॉक्टर कोल्हापूरला. या पावसात करूळ घाटातून त्याला डब्यात घालून चार तास न्यायचं म्हणजे तोही अर्धा आणि मीही अर्धी. न्यावं लागलं तर नेईनच. पण तोवर घरी काय करू आणि काय अजिबात करू नको, हे कुणी अनुभवाने सांगेल का?

---

माडाखालची
सोमवार, रात्री ९.५२

ताई, वाचून कसंसंच झालं. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय. बाबल्याला लवकर बरं वाटो.

---

गुरांचा डॉक्टर
सोमवार, रात्री १०.०५

मी पशुवैद्य आहे, दापोलीकडे असतो. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण मांजरंही येतात. ताई, बाकी सगळं नंतर, आधी एकच सांगा: त्याला शू होतेय का? तुम्ही डोळ्यांनी पाहिलीय का, आणि किती झाली?

विचारायचं कारण असं की बोका घमेल्यात जाऊन कुथतोय म्हटलं की घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं, आणि पुष्कळदा ते लघवी तुंबल्याचं असतं. बोक्याचा लघवीचा मार्ग फार अरुंद असतो. पूर्ण तुंबली तर एका-दोन दिवसांत जिवावर बेततं. पुन्हा पुन्हा जाऊन बसणं, खालची जागा चाटत राहणं, ओरडणं, ओकणं आणि घमेलं कोरडं, असं असेल तर हा धागा बंद करा आणि गाडी काढा. घाट असो की काही असो.

---

खाडीपल्याड
सोमवार, रात्री १०.११

डॉक्टर, शू भरपूर होतेय. आत्ताच बघून आले, मोठा ओला गोळा आहे आणि रंगही फिकट आहे. उलटी नाही. खडे पडताना मी समोरच उभी होते.

---

गुरांचा डॉक्टर
सोमवार, रात्री १०.३८

बरं झालं. मग आता शांतपणे बोलू.

भरपूर शू होतेय, यातच निम्मं उत्तर आहे. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५०-२८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तो तुळशीचं पाणी पीत बसायचा. प्यायलेलं सगळं तसंच निघून जातं आणि शरीर कोरडंच राहतं. अंगात पाणी कमी पडलं की ते भरून काढायचं शेवटचं ठिकाण म्हणजे मोठं आतडं. तिथे थांबलेल्या मळातलं पाणी शरीर पुन्हा पुन्हा शोषून घेतं. जितके दिवस थांबेल तितका तो सुकतो, जितका सुकेल तितका बाहेर पडायला दुखतो, आणि दुखतं म्हणून मांजर आणखी थांबवून धरतं.

तुमची शुगर दिवसभर २५० ते ३५० मध्ये असेल तर त्याच्या अंगातला नळ चालूच आहे. जुलाबाचं कुठलंही औषध द्या, हा नळ बंद झाल्याशिवाय दुखणं पुन्हा येणार. इन्सुलिनचा डोस मात्र स्वतः वाढवू नका. कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोनवर आठवडाभराचे आकडे वाचून दाखवा.

आणखी दोन गोष्टी तपासून घ्यायला सांगा. मूत्रपिंडं आणि रक्तातलं पोटॅशियम. या वयात दोन्ही बिघडलेलं सापडतं. पोटॅशियम कमी झालं की स्नायू ढिले पडतात, आणि आतडंही स्नायूच आहे.

सकाळी हे बघा: मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसते की तंबूसारखी उभी राहते? हिरड्यांना बोट लावा. ओलसर आहेत की चिकट? उद्या लिहा.

---

आजोळ राजापूर
मंगळवार, सकाळी ६.२०

आमच्याकडे आजी मांजराला चमचाभर एरंडेल पाजायची. मांजर दुसऱ्या दिवशी मोकळं. इतकं घाबरायचं कारण नाही ताई. नाहीतर औषधाच्या दुकानात पातळ पॅराफिन मिळतं, तेही चालतं.

---

गुरांचा डॉक्टर
मंगळवार, सकाळी ७.०२

आजोळ, तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, या दोन्ही गोष्टी करू नका. एरंडेलाने आतड्याला कळा येतात आणि पाणी वाया जातं. आधीच कोरड्या पडलेल्या मांजराला ते झेपत नाही. पॅराफिनला चव नाही, वास नाही. तोंडात ओतलं की मांजराला गिळायचं भान राहत नाही, ते श्वासनळीतून फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

तिसरी गोष्ट कुणी सुचवायच्या आधीच सांगतो. माणसांसाठी तयार एनिमाची पिचकारी मिळते ती, फॉस्फेटवाली. ती मांजराला कधीही देऊ नका. फॉस्फेट रक्तात शिरून कॅल्शियम कोसळतं आणि झटके येऊन मांजर दगावतं. एनिमा द्यायचाच असेल तर कोमट पाण्याचा, आणि तो डॉक्टरच्या हातूनच.

---

आजोळ राजापूर
मंगळवार, सकाळी ७.१५

पॅराफिनचं हे माहीत नव्हतं. घरात बाटली आहे, तिच्यावर आत्ताच खूण करून ठेवतो. धन्यवाद डॉक्टर.

---

सुईवाली मावशी
मंगळवार, सकाळी ८.३०

बाय, घाबरू नको. आमचो बोको तीन वर्सां झाली इंजेक्शनार आसा. सकाळी सुई, सांजेक सुई. पयल्यांदा माझो हात थरथरायचो, आता डब्याचो आवाज आयकलो की तोच येवन मांडयेर बसता.

बाकीच्यांना कळावं म्हणून आता सरळ लिहिते. आम्ही कुडाळला असतो. बोक्याची शुगर जेव्हा जेव्हा वर असते तेव्हा तेव्हा त्याच्या शीचे खडे होतात. मी वहीत लिहून ठेवते: तारीख, शुगर, किती युनिट, काय खाल्लं, शी कशी. दोन महिन्यांची पानं समोर ठेवली तेव्हा मला हे दिसलं. शुगर १५० ते २०० मध्ये आली की चार-पाच दिवसांत पोट आपोआप मार्गी लागतं.

आणि ताई, सिरिंज कुठली वापरतेस ते बघ. लाल टोपीची ४० ची असते, म्हणजे एक मिलीला ४० युनिट, केशरी टोपीची १०० ची. ग्लार्जिन १०० चं. आमच्या इथल्या एका दुकानदाराने मला "सगळ्या सारख्याच" म्हणत लाल टोपीची दिली होती. त्यात २ युनिटच्या खुणेपर्यंत भरलं की आत जातात ५. नशिबाने पहिल्याच दिवशी भाचीने पकडलं. तेव्हापासून कुणी मधुमेही मांजर म्हटलं की मी आधी टोपीचा रंग विचारते.

---

खाडीपल्याड
मंगळवार, सकाळी ९.१०

मावशी, केशरी टोपीच आहे, पुन्हा जाऊन बघितली.

डॉक्टर, मानेची कातडी सोडल्यावर हळू बसते, म्हणजे एक-दोन सेकंद तशीच राहते. हिरड्या थोड्या चिकट लागल्या. आज सकाळी मोजली तर ३१८. थोडं खाल्लं, पण भात बाजूला सारला. शी नाही.

---

परळ ते पेण
मंगळवार, सकाळी १०.०४

आमच्या माऊचा अनुभव लांबलचक आहे, पण लिहितोच, कारण तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

माऊ १३ वर्षांची होती. मधुमेह लागला तो स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनंतर. अंगाला खाज होती, गावातल्या एका डॉक्टरने वर्षभर दर महिन्याला टोचलं. स्टिरॉइडने मांजराची शुगर चढते, जाड आणि वयस्क मांजराची तर विशेष, हे मला फार उशिरा कळलं. नंतर बद्धकोष्ठ सुरू झालं आणि आम्ही बघू बघू करत सहा दिवस काढले. सहाव्या दिवशी ती ओकायला लागली. पेणहून परळला नेलं, बैलघोड्याला, म्हणजे बाई साकरबाईंच्या नावाचं प्राण्यांचं हॉस्पिटल आहे तिथे. आधी सलाइन लावलं, मग भूल देऊन कोमट पाण्याने थोडं थोडं करून मळ काढला. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. आतडं अंगठ्याएवढं जाड झालं होतं, आत खडे ओळीने बसलेले.

सांगायचं मुख्य ते पुढचं. घरी आल्यावर मी एका दिवसात तिचा भात पूर्ण बंद केला आणि नुसतं पाउचमधलं ओलं खाणं सुरू केलं. इन्सुलिन तेवढंच ठेवलं. चौथ्या दिवशी पहाटे माऊ चुलीजवळ आडवी, डोळे ताठ, पाय झाडत होती. शुगर ३८. हिरड्यांना मध चोळला, पंधरा मिनिटांनी मान उचलली, मग खायला घालून डॉक्टरकडे नेलं. वाचली. पण ती पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही.

ताई, तुम्हालाही सगळे सांगतील भात बंद करा. बरोबरच आहे. पण भात कमी झाला की इन्सुलिनही कमी लागतं, तेव्हा डॉक्टरना सांगून, हळूहळू, आणि रोज दोनदा मोजत करा. मध किंवा ग्लुकोजची पूड हाताशी ठेवा.

---

सुईवाली मावशी
मंगळवार, सकाळी १०.२०

वाचताना अंगावर काटा आला दादा. माऊ आहे ना अजून?

---

परळ ते पेण
मंगळवार, सकाळी १०.३१

गेल्या मार्गशीर्षात गेली, मावशी. त्या पहाटेनंतर अडीच वर्षं छान जगली. शेवटचं वर्षभर तर इन्सुलिनही लागलं नाही. ओल्या खाण्याने काही मांजरांचा मधुमेह मागे फिरतो, तशी ती निघाली.

---

हर्णै बंदर
मंगळवार, दुपारी १२.४५

एक शंका. कोरडं खाणं एवढं वाईट असतं का? आमच्या डॉक्टरांनी मधुमेही मांजरासाठी खास कोरडं खाणं दिलंय, त्यात तंतू भरपूर आहेत. तंतूंनी पोट साफ होतं ना? मी वर थोडं इसबगोलही घालते आणि आमच्या मनीला फरक पडलाय.

---

गुरांचा डॉक्टर
मंगळवार, दुपारी २.१५

हर्णै, मनीला फरक पडलाय तर बदलू नका. मनी पाणी चांगलं पीत असणार. तंतू म्हणजे कापसाचा बोळा. पाणी मिळालं तर फुगून मऊ होतो, नाही मिळालं तर तिथेच घट्ट बसतो. बाबल्याच्या हिरड्या चिकट आहेत. त्याला आज इसबगोल दिलं तर आत अडकलेल्या मळावर आणखी भर पडेल. अंगात पाणी भरल्यावर, पाव चमचा, दहापट पाण्यात फुगवून, ओल्या खाण्यात कालवून देता येतं. चवीचं इसबगोल आणू नका, त्यात साखर असते.

कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पाऊणपेक्षा जास्त. मांजर मुळात वाळवंटातल्या प्राण्याच्या वंशातलं. तहान कमी, पाणी शिकारीतूनच मिळवायची सवय. कोरडं खाऊन ते हिशेबाएवढं पाणी कधीच पीत नाही.

लॅक्ट्युलोजबद्दल. ही साखरच आहे, पण अशी की आतडं ती फारशी शोषत नाही, ती तिथे राहून पाणी ओढते. सिरपमध्ये मात्र थोडी गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज असते. काही मधुमेही मांजरांची शुगर त्याने वर सरकते. विष नव्हे, पण तुमच्या हातात दुसरा पर्याय आहे. पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५०, साधी पूड. साखर नाही, चव नाही, ओल्या खाण्यात विरघळते. माणसांच्या तपासणीआधी पोट रिकामं करायला क्षार घातलेली पुडी देतात, ती वेगळी, ती घेऊ नका. मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि हीही पूड अंगातलंच पाणी ओढून काम करते, म्हणून पाणी आधी, पूड नंतर.

आतडं कायमचं सैलावलं असेल तर सिसाप्राइड देतात. माणसांसाठी ते २०११ पासून आपल्याकडे बंद आहे, त्यामुळे मिळवायची वाट डॉक्टरांनाच विचारावी लागते. बाबल्या तिथवर पोचलाय असं मला आज वाटत नाही.

माझा सल्ला: आज संध्याकाळपर्यंत तालुक्याला नेऊन कातडीखाली सलाइन देऊन घ्या. हृदयाला काही त्रास नाही ना, तेवढं त्यांना बघू दे. उद्या सकाळपर्यंत शी झाली नाही, उलटी झाली किंवा खाणं पूर्ण सुटलं तर घाट चढा. मधुमेही मांजर उपाशी राहिलं की रक्तात आम्ल चढायचा धोका असतो, तिथे थांबून चालत नाही. आणि न खाणाऱ्या मांजराला ठरलेला पूर्ण डोस टोचू नका, आधी फोन करा.

---

पन्हळीखाली
मंगळवार, दुपारी ३.००

पाण्यावरून एक. आमची चिमी ताटाशेजारच्या वाटीतलं पाणी कधीच पीत नाही, पण पन्हळीखालच्या कळशीतलं पिते. मांजरांना खाण्याजवळचं पाणी आवडत नाही म्हणे. मी तीन ठिकाणी पसरट ताटल्या ठेवल्या, मिशा कडेला घासणार नाहीत अशा. पाणी वाढलं. बांगडा उकडलेलं पाणी गार करून दिलं की ताटली चाटून पुसते. त्यात मीठ, हळद, तिरफळ काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराचं रक्त बिघडतं त्याने. आपल्या वाटणाचं कालवण भातावर घालून देतात लोक, ते फार वाईट.

---

आजोळ राजापूर
मंगळवार, दुपारी ३.२०

आणि सुकट? आमच्याकडे पावसाळ्यात दर्याच बंद, मग मांजरं सुकटीवर.

---

पन्हळीखाली
मंगळवार, दुपारी ३.२६

खारवलेली सुकट नकोच. मिठाने आणखी पाणी जातं. आमच्याकडे जून-जुलैत बंदी असली की कोंबडीचं काळीज आणि छातीचा तुकडा उकडून देतो.

---

देवरुखची लेक
मंगळवार, संध्याकाळी ५.५०

थोडं विषयाला सोडून. वीज जाते तेव्हा इन्सुलिन कुठे ठेवता? आमच्याकडे काल १४ तास नव्हती.

---

सुईवाली मावशी
मंगळवार, संध्याकाळी ६.०५

चालू बाटली माठाच्या बुडाशी, वाटीत, वर ओलं फडकं. पावसाळ्यात एवढं पुरतं. बंद बाटल्या शेजारच्या इन्व्हर्टरवाल्यांच्या फ्रिजमध्ये, पण दारात. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नकोस, एकदा गोठलं की फेकायचं.

---

खाडीपल्याड
मंगळवार, रात्री ८.१५

तालुक्याला जाऊन आलो. १०० मिली सलाइन दिलं. खांद्यांवर उंटासारखा फुगा आला आणि गाडीत बसेपर्यंत तो ओघळून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत आला. मी घाबरले, पण डॉक्टर म्हणाले असंच उतरतं आणि मुरतं. डॉक्टर फार चांगले आहेत, मी पूड विचारल्यावर त्यांनी स्वतः वाचून, कोल्हापूरला फोन लावून मात्रा ठरवली. संध्याकाळी कोंबडीच्या पाण्यात घालून दिली, चाटली. इन्सुलिनचा डोसही दोघांनी मिळून बघितलाय, आठवडाभर रोज आकडे कळवायचेत.

आता वाट बघतेय. तो घमेल्यापर्यंत जातो, कडेशी उभा राहतो, आत बघतो आणि परत फिरतो. दोनदा झालं असं.

---

कलमवाला
मंगळवार, रात्री ८.४०

ताई, मी एवढा वेळ नुसतं वाचत होतो. तुम्ही आत्ता शेवटी लिहिलंत त्यावरून विचारतो. घमेलं म्हणजे आपलं बांधकामाचं? त्याची कड किती उंच? आणि बाबल्या चालताना मागचे पाय कसे टाकतो? बोटांवर चालतो की टाच टेकवून, सशासारखा?

---

खाडीपल्याड
मंगळवार, रात्री ९.०२

बांधकामाचंच, निळं प्लास्टिकचं. कड वीतभर असेल.

दादा, तुम्ही विचारल्यावर त्याला मुद्दाम चालवून बघितलं. टाचा टेकवतो. पार टेकवतो. मागच्या पायांच्या मागच्या बाजूचे केस घासून गेलेत, कातडी दिसतेय. मला वाटत होतं म्हातारा झाला, वजन उतरलं, म्हणून दबकून चालतो. चार महिने रोज दोनदा सुई देतेय आणि हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही.

---

कलमवाला
मंगळवार, रात्री ९.३५

वाईट वाटून घेऊ नका, हळूहळू होतं ते, रोज बघणाऱ्याला दिसतच नाही. आमच्या काळूचं हेच झालं होतं. मधुमेहाने मागच्या पायांच्या नसा अशक्त होतात. त्याला उडी जमत नाही, आणि शीला बसायचं तर मागच्या पायांवर भार तोलून धरावा लागतो. वीतभर कड चढायची, आत सरकत्या वाळूत तोल सांभाळायचा, आणि कुथायचं. जमेना म्हणून तो धरून ठेवायचा. पावसाळ्याआधी बाहेर माडाच्या अळ्यात जाऊन करायचा, तिथे कड नव्हती. जूनमध्ये अळी पाण्याने भरली आणि त्याचं पोट बंद झालं. तुमचा महिनाभराचा हिशेब पण पावसाबरोबरच सुरू झालेला दिसतो.

मी काय केलं ते सांगतो. आंब्याची रिकामी लाकडी पेटी घेतली. एका लांब बाजूच्या वरच्या पट्ट्या काढल्या, फक्त तळाची एक ठेवली, दोन बोटं उंचीची. खिळे उपटून कड पॉलिश पेपरने घासली. आत जाड प्लास्टिक अंथरलं आणि गिरणीतून आणलेला भाताचा तूस भरला, कोरडा, हलका, पायाखाली सरकत नाही. पेटीसमोर जुनं गोणपाट, कारण लाद्यांवर त्याचे पाय घसरायचे. दुसरी तशीच पेटी माजघरात, म्हणजे रात्री पडवीपर्यंत चालायला नको.

पेटी ठेवली त्या रात्री काळू आत गेला, गोल फिरला, आणि बसला.

---

गुरांचा डॉक्टर
मंगळवार, रात्री ९.५०

कलमवाले, मी सकाळपासून पाणी-पोटॅशियम सांगत बसलो आणि मागचे पाय विचारायचे राहिले. तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत. ताई, शुगर ताब्यात राहिली तर हे पाय पुष्कळदा सुधारतात, काही महिने लागतात. सांधेदुखीही असू शकते, कोल्हापूरला गेलात की कंबर आणि मागचे पाय दाबून बघायला सांगा. पण आंब्याची पेटी आज रात्रीच करा.

---

खाडीपल्याड
मंगळवार, रात्री ९.५८

ह्यांना उठवलंय. मांगरात पेट्या आहेत, कानस शोधतायत.

---

खाडीपल्याड
बुधवार, सकाळी ५.४५

झाली!

पावणेपाचला माजघरात तूस खरवडल्याचा आवाज आला. दिवा न लावता दारात उभी राहिले. पेटीत होता, मागचे पाय पसरून, शेपटी सरळ मागे ताठ. दोनदा थांबला, मी श्वास धरून. मग झाली. पुढचा भाग खड्यांचा, मागचा मऊ, बोटाएवढा. झाल्यावर तूस नीट लोटून झाकलं, कितीतरी दिवसांनी झाकलं, आणि बाहेर येऊन माझ्या पायाला अंग घासलं. सासूबाई पण उठल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चूल पेटवली, बांगड्याचं पाणी करायला.

शुगर २९६. आता डॉक्टरना फोन करते.

---

सुईवाली मावशी
बुधवार, सकाळी ६.१०

गो बाय माझे! डोळ्यांत पाणी इला.

---

परळ ते पेण
बुधवार, सकाळी ७.३०

फार फार आनंद झाला. ताई, आजपासून वही चालू करा. शीचा वेगळा रकाना. दोन दिवस रिकामा दिसला की तिसऱ्याची वाट न बघता फोन.

---

हर्णै बंदर
बुधवार, सकाळी ९.००

मनीच्या टाचा तपासल्या, ठीक आहेत. पण तिचं टोपलंही उंचच आहे, ते आज कापतेय.

---

खाडीपल्याड
रविवार (अडीच महिन्यांनी), संध्याकाळी ६.२०

धागा वर आणतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं.

पाऊस उघडल्यावर कोल्हापूरला जाऊन आलो. पोटॅशियम थोडं कमी निघालं, त्याची पूड चालू आहे. मूत्रपिंडं सध्या काठावर, दर तीन महिन्यांनी बघायचं. भात तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद केला. इन्सुलिन आधी थोडं वाढलं होतं, भात सुटल्यावर डॉक्टरांनी खाली आणलं, आता दीड युनिट. गेल्या आठवड्यातले सकाळचे आकडे १४० ते २१०. वजन ५.१.

शी रोज किंवा एक दिवसाआड. वहीत सगळ्यात मोठी मोकळी जागा दोन दिवसांची, गणपतीत. घरात माणसं भरली होती आणि पेटी कुणीतरी उचलून मागल्या दारी ठेवली होती. जागेवर आणली तशी त्याच रात्री झाली. पोटाची पूड आता अर्ध्यावर आणलीय.

आणि कलमवाले दादा, तुमच्यासाठी खास: डावा पाय परवापासून बोटांवर टाकतो. उजवा अजून टेकतो. काल तुळशीच्या कट्ट्यावर चढायला गेला, अर्ध्यात थांबला, मी खालून हात दिला.

---

कलमवाला
रविवार, रात्री ८.०५

उजवाही येईल. कट्ट्याशी एक चिरा ठेवा पायरीला.